आझलीनमावशीची तात्पुरती बराक

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ब्रेस्ट शहराबद्दल आझलीनमावशीचं मत फारसं बरं नव्हतं. ती ज्या गल्लीत जन्मली ती गल्ली लढाईत बाँबखाली गेली. पुढे नवं शहर बांधताना इंजिनिअर लोकांनी तो सगळा खोलगट भाग ढिगारा टाकून भरून काढला आणि वरून सरळसोट रस्ते आखले. माहेर कुठलं असं कुणी विचारलं, की मावशी पायाखाली बोट दाखवायची.

"त्या चपलांच्या दुकानाच्या खाली. पाच माणसं एकावर एक उभी केलीस तर सगळ्यात खालचा माझ्या आईच्या स्वयंपाकघरात असेल."

नव्या शहरात ती हमखास वाट चुकायची आणि खापर फोडायची रस्त्यांवर. "वाकड्या गल्लीत माणूस हरवत नाही गं. इथे मेले सगळे कोपरे जुळे भाऊ!"

लढाई संपल्यावर तिला आणि गुलव्हेनकाकांना बूगेनच्या माळावर एक लाकडी बराक मिळाली. अमेरिकेहून जहाजाने आलेल्या फळ्या, वर डांबरी कागदाचं छप्पर. किल्ली देणारा कारकून म्हणाला, "मादाम केर्ब्रा, दोन वर्षांची तर गोष्ट आहे. तात्पुरतं आहे हे." त्या दोन वर्षांत माझा जन्म झाला, शाळा झाली आणि लग्नसुद्धा झालं. समोरच्याच रांगेत आमची बराक होती, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. कानांनी तर त्याहून जास्त.

कारण मावशीच्या फळीपलीकडे पेरीन त्रोमर राहायची. खलाशाची विधवा, आवाज बंदरावरच्या भोंग्यासारखा. दोघींच्या घरांमध्ये बोटभर जाडीची एक फळी, त्यामुळे एकीने कांदा चिरला की दुसरीच्या डोळ्यांना पाणी. पेरीनची कोंबडी मावशीच्या वाफ्यात शिरून कोबी टोचायची. त्यावरून सुरू झालेलं भांडण कोंबडी म्हातारी होऊन मेली तरी थांबलं नाही.

"तुझ्या पिठाला आज गुठळ्या झाल्यात," पेरीन भिंतीतून ओरडायची.

"तुला कसं कळलं?"

"ढवळतेस कशी ते ऐकू येतंय ना!"

पीठ होतं कुट्टू नावाच्या काळपट धान्याचं. त्याचा मोठा गोळा कापडाच्या पिशवीत घालून मावशी दर रविवारी मांसाबरोबर उकडायची. त्या दिवशी गोळ्याला खरंच गुठळ्या निघाल्या. मावशीने तो गुलव्हेनकाकांना "असाच करतात" म्हणून खायला घातला. काका गोदीत जहाजांच्या पत्र्यांना रिवेट ठोकायचे, कानाने थोडे कमी ऐकायचे. ते म्हणायचे, देवाने माझे कान बूगेनसाठीच बेतून दिलेत.

महिन्या-दोन महिन्यांनी मावशी ठेवणीतला कोट घालून घरवाटपाच्या कचेरीत जायची. तिथे मस्यू फ्लोक नावाचा सज्जन माणूस बसायचा. तिच्या तक्रारी त्याला पाठ झाल्या होत्या: छप्पर गळतं, वारा फटींतून शिट्टी वाजवतो, आणि शेजारीण.

"शेजारणीचं मी काय करू, मादाम?"

"मला फ्लॅट द्या. सिमेंटच्या भिंतीचा. जाड हवी हं भिंत!"

मग एका हिवाळ्यात गुलव्हेनकाका छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. त्या दिवसांत फळीपलीकडे एकदम शांतता झाली. पेरीनने रेडिओ बंद केला, पायात लाकडी बुटांऐवजी कापडी सपाता घातल्या. संध्याकाळी फळीतून हळूच आवाज यायचा, "झोपले का गं?" मावशी म्हणायची, "आत्ताच डोळा लागलाय." तेवढंच बोलणं. काका गेले त्या सकाळी मावशी रडायला लागली आणि पलीकडून दुसरं रडणं ऐकू आलं. दारावर टकटक न करता पेरीन आत आली, चूल पेटवली, कॉफी ठेवली. मावशीने पहिला घोट घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, "पाणचट आहे." पेरीन म्हणाली, "तुझ्याच डब्यातली आहे."

काही वर्षांनी माळ रिकामा करायचं ठरलं. तिथे विद्यापीठ उभं राहणार होतं. बराकी एकेक करून पाडायला लागले. एके दिवशी मस्यू फ्लोक स्वतः चिखल तुडवत आला. मावशीला नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला होता. लिफ्ट, नळाला गरम पाणी, न्हाणीघरात टब.

"नको," मावशी म्हणाली.

फ्लोकने टोपी काढली. "मादाम, इतकी वर्षं तुम्ही माझ्या टेबलावर मूठ आपटत आलात. छप्पर गळतं म्हणत होतात."

"कुठे गळतं ते ठाऊक आहे मला. तिथे बादली ठेवलेली असते."

"अहो, भिंती सिमेंटच्या आहेत! वीतभर जाड!"

"आणि ही कुठे जाणार?" मावशीने फळीकडे हनुवटी उडवली.

"मादाम त्रोमर? त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलाय. मुद्दाम. तुमच्या तक्रारी लक्षात ठेवूनच दिलाय."

भिंतीपलीकडून भोंगा वाजला, "मीही जाणार नाही, सांगा त्याला!"

"ऐकलंत? आम्हाला शेजारी-शेजारी द्या," मावशी म्हणाली. "नाहीतर बुलडोझर आणा, आम्ही खुर्च्या टाकून दारात बसतो."

"पण तुमचं तर पटत नाही एकमेकींशी!"

"मग? आता या वयात नव्या माणसाशी भांडण पहिल्यापासून सुरू करू का मी?"

फ्लोकने खरंच खटपट केली. नवव्या मजल्यावर दोघींची दारं लागून आली. मावशीने पहिल्या दिवशी टबात गरम पाणी भरलं आणि त्यात बटाटे धुतले. पण आठवडाभरात तिचं तोंड उतरलं. भिंत जाड होती. कान लावला तरी पलीकडे पेरीन आहे की नाही कळेना. मी भेटायला गेले तर म्हणते, "घर कसलं, चर्चचं तळघर आहे हे."

तोड पेरीनने शोधली. दोन्ही घरांतून गरम पाण्याचा एकच लोखंडी नळ जात होता. तिने त्यावर डाव आपटला. मावशीने उलथन्याने उत्तर दिलं. दोनदा म्हणजे कॉफी झाली, तीनदा म्हणजे ये, आणि न थांबता ठणाठणा म्हणजे तुझं काहीतरी करपतंय. दुर्दैव एवढंच, की तो नळ पहिल्या मजल्यापासून शेवटच्यापर्यंत जात होता. सगळ्या इमारतीला कॉफीची वेळ कळायला लागली आणि सहाव्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तक्रार घेऊन घरवाटपाच्या कचेरीत पोचले.

फ्लोक पुन्हा आला, या वेळी लिफ्टने. मावशीने दार उघडलं. आत पेरीन बसली होती.

"मादाम केर्ब्रा, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

"माझ्याविरुद्ध? आवाज तर ही करते," मावशी म्हणाली.

"मी फक्त उत्तर देते," पेरीन म्हणाली.

फ्लोकने दोघींकडे पाहिलं, मग टेबलावरच्या खारट लोण्याच्या केककडे. त्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. दोघींनी त्याला मोठा तुकडा वाढला, आणि केक कुणाच्या भट्टीत जास्त चांगला फुगतो हे आता तुम्हीच सांगा, म्हणून त्याला मध्ये बसवलं. संध्याकाळपर्यंत बिचाऱ्याची सुटका झाली नाही.