शितानं चिकटवलेलं पान

भाताची वाफ नाकात गेली की मला ते पान आठवतं. सातवीत शाळा सुटलेली मी, गडचिरोलीकडून नागपुरात आले आणि प्रताप नगरच्या एका घरात चार वर्षांची पोर सांभाळू लागले. राग आला, भीती वाटली तर काय करायचं, हे चेहऱ्यांच्या चित्रांतून सांगणारं तिचं एक पुस्तक होतं. एका दुपारी ती ते सोडून जेवेचना. मी चिडून ओढलं आणि रागाचं पानच फाटलं. काम जाईल म्हणून घाबरून मी ते भाताच्या शितानं चिकटवलं. संध्याकाळी तिच्या आईनं पाहिलंच. "हे काहून फाटलं वं?" मी म्हटलं, "तिनंच फाडलं ताई, मी नको नको म्हणूनच राहिली होती तिले." पोर माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं पुस्तक घेतलं, भीतीचं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. "मावशी, हळू फुंकर मार. मी हात धरते." ताई सगळं समजल्या, तरी मला कामावर ठेवलं, उपकारच त्यांचे. आता पोर स्वतः वाचते. ते रागाचं पान आलं की शिताचा फुगवटा अंगठ्यानं चाचपते, आणि मी भांडी घासायला उठते.