बोली पुकारणाऱ्याचा घसा

आमचे हे पुलगावच्या कापूस बाजारात बोली पुकारायचे. कापसानं भरलेल्या बैलबंडीवर चढून एक आरोळी दिली की बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला उभ्या व्यापाऱ्याला भाव कळे. घरीही तोच आवाज. जेवताना यांनी मीठ मागितलं की शेजारीण आपल्या घरातून विचारी, आणून देऊ का? मी म्हणे, "अवो, मी बहिरी नाई." हे हसत आणि पुढचं तितक्याच मोठ्यानं बोलत.

एका दिवाळीनंतर यांचा घसा बसला. कापसाची धूळ, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ज्येष्ठमध झालं, गुळण्या झाल्या. दुसऱ्या कोणाचा घसा असता तर उन्हाळ्यापर्यंत तसाच राहिला असता. पण बोली ऐकू येईना, तेव्हा अडत्यानंच यांना डॉक्टरकडे धाडलं. म्हणून रोग लवकर सापडला. मुंबईच्या इस्पितळात घशातला तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, पण लहान होता; घशात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्यातल्या एकीवरच.

तिथं दोन डॉक्टर भेटले. ऑपरेशनवाले म्हणाले, ती पट्टी कापून काढू, एकदाच काय ते होईल, आवाज मात्र कुजबुजण्याइतकाच उरेल. किरणंवाले म्हणाले, कित्येक आठवडे रोज यावं लागेल, आवाज बहुधा वाचेल; गाठ पुन्हा उठली तर मात्र सगळं स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचण्याची आशा दोन्हीकडे सारखीच, असं दोघंही म्हणाले. मला किडकं वांगं कापून टाकायची सवय. मी ऑपरेशनच्या बाजूची.

धर्मशाळेत यांनी विचारलं, "मी नुसता फुसफुसत राह्यलो, तं चालन का तुले?"

"चालन," मी म्हटलं. मला माणूस हवा होता, त्यात विचार काय करायचा? यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आपला आवाज हिला नकोच होता, असं यांनी धरलं. मला ते दिसत होतं, पण समजूत काढत बसायचा माझा स्वभाव नाही.

सकाळी यांनी किरणं घेतो म्हणून सांगून टाकलं. मी दिवसभर धुसफुसत होते. आवाजापायी जीव पणाला लावायचा, तर मी कुंकू कोणाच्या नावाचं लावायचं?

यांच्या मानेवर जांभळ्या शाईच्या खुणा केल्या आणि त्या पुसू द्यायच्या नाहीत, असं बजावलं. नदीत बुडी मारल्याशिवाय अन्नाला न शिवणारा हा माणूस. मी ओल्या फडक्यानं अंग पुसून देई, मान सोडून. मानेची कातडी भाजल्यासारखी काळी पडली. नणंदेनं तेल धाडलं, ते डॉक्टरांनी लावू दिलं नाही. शेवटी शेवटी तर घोट गिळवेना, आणि होता तो आवाजही गेला. येईल परत, डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, आवाजही गेला आणि माणूसही.

घरी आल्यावर हे तांब्या जमिनीवर आपटून मला बोलवीत. शेजारीण काही विचारीना. चुलीपुढे बसल्या बसल्या मी उगाच मागे वळून पाहायची. त्या आरडाओरड्याची मला फार आठवण येई, आणि हे सांगायचं कोणाला?

पुढे तपासणीला गेलो. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं, गाठ दिसत नाही म्हणाले. तरी यांचं तोंड मिटलेलंच.

मग एकदा दुपारी मी भाकर वाढत होते. "मीठ," हे म्हणाले. आवाज खरखरीत होता, भिंतीपलीकडे जाईल इतकाही नव्हता. मी मीठ वाढलं. हे जेवले नाहीत, माझ्याकडे पाहत राहिले.

"काय वं, चाललं का मंग तुले?"

"नाई चाललं," मी म्हटलं, आणि यांच्या पुढ्यातच रडायला लागले.

यांनी ताट बाजूला सारलं. मग होता तेवढा आवाज काढून ओरडले, "मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

भिंतीपलीकडून शेजारणीनं विचारलं, मीठ आणून देऊ का?