सहाशे पावलांची नदी

पोलीस सेवेत मी पंचनामे शेकड्यांनी लिहिले. त्यातला घाटावरच्या कपड्यांचा पंचनामा मला अजून तोंडपाठ आहे.

शिरूर तालुक्यातल्या आमच्या हद्दीतून एक लहान नदी वाहत जाऊन भीमेला मिळते, भीमेपलीकडे दौंड. एका गावापाशी ती मोठं वळण घेते. वरच्या बंधाऱ्यापासून खालच्या घाटापर्यंत पायवाटेने सहाशे पावलं, मी मोजली आहेत. पाण्यातून मात्र तिप्पट अंतर. पावसाळा सरला की पाणी निवळतं, आणि सुट्टीच्या दिवशी गावकऱ्यांबरोबर रांजणगावच्या कंपन्यांतले कामगारही पोहायला येतात.

एका सोमवारी सकाळी आठला पोलीस पाटलांचा फोन आला. घाटावर कपडे, चपला, मोबाईल कालपासून पडून होते, माणसाचा पत्ता नव्हता. मोबाईलवरून एका कामगाराची ओळख पटली. पंचनामा करून घाटाच्या खालचे डोह धुंडाळायला माणसं लावली आणि त्याच्या खोलीतल्या सोबत्याला ठाण्यात आणलं.

सोबती मराठवाड्यातला, नवा. त्याने सांगितलं, मित्राने फोनवर बोलावलं म्हणून तो थेट बंधाऱ्यावर गेला. मित्र चड्डीवर उभा होता, त्याने उडी मारली. स्वतःला पोहता येत नसल्याने हा कठड्यावर बसून राहिला, मित्र वळणाआड गेल्यावर सेकंड शिफ्टची बस पकडली. रात्री मित्र खोलीवर नव्हता, तेव्हा गावी गेला असेल असं याला वाटलं.

उडी बंधाऱ्यावरून, मग कपडे घाटावर कसे? मी चार वेळा विचारलं. चारही वेळा उत्तर एकच, ‘मला माहीत नाही.’ दोघांचं आठवड्यापूर्वी भांडण झाल्याचंही कळलं होतं. यानेच काही घातपात केला, हा माझा संशय पक्का होत चालला.

दुपारी बाराला घाटावर गेलो. गावातल्या निम्म्या लोकांना पोहायला शिकवलेले सत्तरीचे आप्पा सकाळपासून तिथे बसले होते. मी त्यांना कपड्यांचं कोडं सांगितलं. ते म्हणाले,

“सायेब, कपडे पाण्यातनं निघायच्या जागी ठेवत्यात. हितं ठेवायचे, पायवाटेनं वर जायचं, वाहत्या पाण्यासंगं खाली यायचं. वर ठेवून काय, वल्ल्या अंगानं परत बंधाऱ्यावर जायचं व्हय?”

“हे सकाळी का सांगितलं नाही?”

“इचारलं कुणी? तुमी तर खालीच शोधा म्हणालात.”

माणसं तडक वर फिरवली. वळणाच्या मध्यावर, दोन्ही काठांना ऊस असलेल्या जागी, एका खडकावर तो सापडला. पाय मोडलेला, ओरडून घसा बसलेला, पण शुद्धीवर होता. दवाखान्यात पोचवून मी ठाण्यात परतलो. सोबती बाकावर तसाच होता. मित्र जिवंत आहे म्हटल्यावर त्याने आधी विचारलं, “काही खाल्लं का त्यानं?” आप्पांनी कोडं कसं सोडवलं ते सांगून मी माफी मागितली. तो म्हणाला, “बरा झाला की त्याला म्हणतो, मलाबी आप्पाकडं पवायला शिकायला ने.”

कपडे कुठे सापडले, हे मी पंचनाम्यात बिनचूक लिहिलं होतं. ते तिथे का, हे मात्र माझं मीच ठरवून टाकलं: कपडे जिथे, माणूस तिथूनच पाण्यात उतरला. त्यापायी जखमी माणूस चार तास जास्त उन्हात पडला आणि निर्दोष माणूस बाकावर बसला. पुढे जिथे बदली झाली, तिथे नदीकाठच्या माणसांना मी पहिल्याच आठवड्यात विचारत असे, तुम्ही पाण्यात कुठे उतरता आणि निघता कुठे?