शेवटचं नाव आत्यानं सांगायचं

फोन आला तेव्हा मी पेणला गच्चीवर पोह्याचे मिरगुंड वाळत घालत होते. माझा भाचा रोह्याला आत्याजवळच राहायचा; धाटावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून घरी आला होता, त्याचाच फोन. "चंद्राआत्या गेली. सकाळी पेज प्यायली, भिंतीला टेकली, ती टेकलीच." नव्वदीच्या पुढची होती हो, आजारपण नाही, काही नाही. मी रडले, खोटं कशाला सांगू... पण रडता रडता हसूही येत होतं. आत्या आठवली की तसंच होतं.

ही माझ्या बापाची थोरली बहीण. रोह्याकडे खाडीकाठच्या गावात दिलेली. नवरा मिठागरात कामाला. लग्नाला वर्ष झालं नाही तोच लढाईच्या काळात रस्ते बांधायला माणसं नेली, त्यात तो ब्रह्मदेशात गेला. परत आला तो नुसता कागद. सासू-सासरे आधीच गेलेले, मागे कुणी नाही. आत्या रोह्याला येऊन मजुरी करायला लागली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्या वर्षांनी रोह्यात चर्च बांधायला काढलं. लढाईत गेलेल्या तालुक्यातल्या माणसांची आठवण म्हणून. पाद्रीबाबा स्वतः लढाईत जखमींच्या सेवेला होते. ते म्हणाले, जो परत आला नाही त्याचं नाव दगडावर येईल, मग तो कुठल्या का देवाचा असेना. बांधकामावर आत्या चुन्याची घमेली वाहायची. पाद्रीबाबा वही घेऊन एकेकाला विचारत आले. "बाई, तुमचं कोण गेलं? नाव काय?" आत्यानं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, मेला तरी घेत नाही. पाद्रीबाबांना वाटलं, हिचं कुणीच नाही. गेले पुढे. मुकादम परगावचा, त्याला काय ठाऊक?

चर्च उभं राहिलं, दगड बसला, नावं वाचली गेली. आत्या मला सांगायची, "सगली वाचली गो. मना वाटला, आता येल, आता येल... आनी त्यांनी वही मिटली."

मी शाळेत गेले नाही. भावाच्या पुस्तकावर आणि दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले. चौदा वर्षांची असताना आत्याकडे राहायला गेले, तेव्हा तिनं पहिल्यांदा कुठं नेलं असेल तर त्या दगडापाशी. "बघ तरी, कुठं कोपऱ्यात असंल." मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. नव्हतं.

"मीच सांगते पाद्रीबाबांना," मी म्हटलं.

"तू नाय. तू सांगितलास तर तो तुजा आतोबा म्हणून दगडावर जाईल. माजा घरवाला हाय, मीच सांगीन."

"मग सांग की."

"तोंड उघडत नाय गो..."

पावसाळा सरला की एका रविवारी चर्चमध्ये ती नावं मोठ्यानं वाचायचे. त्या वर्षी आम्ही दोघी शेवटच्या बाकावर. शेवटचं नाव झालं, पाद्रीबाबा वही मिटणार, तेवढ्यात आत्या उभी राहिली. "थांबा. एक राहिला." सगळ्या माना मागे वळल्या. आत्याचे ओठ हलत होते, आवाज नाही. मी तिचं लुगडं ओढलं. मग बायका लग्नमांडवात करतात तेच तिनं केलं, सरळ उखाणा घेतला.

"चर्चच्या भिंतीचा चुना डोईवर वाहिला,
धाकूरावांचा नाव घेते, दगडावर लिवाया राहिला."

पुढच्या बाकावरची एक बाई फिसकन हसली. पाद्रीबाबा हसले नाहीत. ते खाली उतरून आमच्या बाकाशी आले. "पूर्ण नाव सांगा, बाई."

"धाकू गोमा म्हात्रे." एकदा तोंड उघडलं आणि मग काय... त्यांनी एकदा विचारलं, हिनं चारदा सांगितलं.

दगडावर जागा उरली नव्हती. पाथरवटानं अगदी तळाशी, काठावर नाव कोरलं. शेजारणीनं टोमणा मारलाच, "एवडा करून खालीच लागला गो तुजा नवरा."

"खाली हाय म्हणून माजा हात पोचतो," आत्या म्हणाली.

पुढे ती धाकूला घरीदारी हाका मारायला लागली. गुडघा दुखला तरी "धाकू, उठव रे मना", कालवण छान झालं तरी "धाकू, खातोस काय?" इतक्या वर्षांचं साठलेलं नाव तिनं मन भरून वापरलं. आणि दरवर्षीच्या त्या रविवारी शेवटचं नाव पाद्रीबाबांनी पुन्हा कधी वाचलं नाही. ते थांबायचे, आत्या उठून उखाण्याच्या चालीत सांगायची. पाद्री बदलले, एकामागून एक आले, पण प्रत्येकाला आधीचा सांगून जायचा की शेवटचं नाव म्हातारी सांगते.

यंदाचा तो रविवार आत्या गेल्यावर तीन आठवड्यांनी आला. मी पेणहून गेले. नवा पोरगेला पाद्री, नावं वाचत आला आणि शेवटी सवयीनं थांबला. मागच्या बाकाकडे बघितलं. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले, घसा साफ केला... पण माझी गरज पडली नाही. पुढच्या बाकांवरून, मधल्या बाकांवरून, खिडकीपाशी उभ्या असलेल्या पोरींकडून, वर्षानुवर्षं ऐकून पाठ झालेल्या सगळ्यांच्या तोंडून एकदमच आलं, "धाकू गोमा म्हात्रे."

अगदी आत्याच्या चालीत.