अखंड पास्त्याचा हट्ट

गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान होतं. त्याच्या मालकाला सगळे ‘कारागीर’ म्हणत. कुणाच्या डोक्याला किती भोवरे आहेत, हे त्याला टोपी काढायच्या आत कळे. दिवसभर त्याची कात्री थांबत नसे. घरी आला की मात्र त्याचा एकच हट्ट: स्पॅगेटी मोडायची नाही.

त्याची बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. जे मावत नाही ते दुमडायचं, हा तिचा खाक्या. घरातलं पातेलं लहान आणि पास्ता लांब. ती मूठभर काड्या घेऊन मधोमध मोडायला जाई, की पहिल्या कडकन आवाजाला कारागीर बाहेरच्या खोलीतून धावत येई.

“अगं, थांब जरा. वाफ लागली की आपोआप खाली बसतो.”

“तोवर मी म्हातारी होईन.”

“दिवसभर कापतच असतो मी. घरात तरी एखादी गोष्ट लांब राहू दे.”

“मग माझे केस राहू द्या ना. सारखं आपलं, टोकं दुभंगलीत, टोकं दुभंगलीत.”

मग तो पातेल्याशी पहारा देत उभा राही. बरं, भांडण तिथे संपत नसे. ती उकळत्या पाण्यात तेल सोडी, तर हा म्हणे, “तेल डोक्याला लावतात.” ती शिजलेला पास्ता चाळणीत घेऊन नळाखाली धरी, तर हा विचारी, “झाली का अंघोळ घालून?” लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी या बाबतीत तह म्हणून झाला नव्हता.

अशात त्याच्या सासूबाई राहायला आल्या. जिन्यात पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण बोटं अजून ऐकत नव्हती. बाई मोठ्या मानी. लेक भरवायला गेली तर तिलाच चार शब्द ऐकवत. सूप, पाव, उकडलेला बटाटा डाव्या हाताने निभावून जाई. पण रविवारी घरात पास्ता असे.

पहिल्या रविवारी त्या म्हणाल्या, भूक नाही. पुढच्या रविवारी म्हणाल्या, पोट जड वाटतंय. लेक काळजीत पडली, डॉक्टरांचा नंबर शोधू लागली. कारागीर समोर बसला होता. सासूबाईंनी काट्याला पास्ता गुंडाळला, तो अर्ध्या वाटेत उलगडून ताटात पडला, आणि त्या अशा काही खिडकीबाहेर बघू लागल्या, की जणू त्यांचा त्या ताटाशी संबंधच नाही. हे त्याने पाहिलं.

तो उठून आत गेला. नवी कोरी कात्री गरम पाण्याने धुऊन घेऊन आला. सोबत स्वच्छ नॅपकिन. तो सासूबाईंच्या गळ्याशी गिऱ्हाइकाला खोचतात तसा नीट खोचला आणि अगदी दुकानातल्या आवाजात विचारलं, “आई, किती ठेवू?”

आता आईचा पारा चढणार, याची बायकोला खात्री होती. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं.

“बारीक करा,” त्या म्हणाल्या. “मागून जरा जास्त.”

त्याने ताट फिरवत फिरवत, चारी बाजूंनी सारखा, पास्ता कापला. सासूबाईंनी तो चमच्याने खाल्ला आणि आणखी मागितला.

भांडी घासताना बायको म्हणाली, “मी इतकी वर्षं सांगतेय, तेव्हा तुमचं तत्त्व आडवं यायचं.”

“तू शिजायच्या आधी मोडतेस. मी शिजल्यावर कापला.”

“त्यात काय फरक?”

“असतो फरक,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. फरक काय, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढे सासूबाईंचा हात बरा झाला. गॅलरीत बसून त्या लोकर विणू लागल्या, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. तरी रविवार आला की त्या स्वतःच नॅपकिन खोचून वाट बघत बसत, आणि तोही कात्री धुऊन आणे. एकदा बायकोने आपलंही ताट पुढे सरकवलं.

“मलाही.”

“नंबर लाव,” तो म्हणाला. मग हसून तिचाही कापला.

आपल्या घरी परत जाण्याच्या आदल्या दिवशी सासूबाई बाजारात गेल्या आणि अख्खी स्पॅगेटी उभी मावेल असं एक उंच पातेलं घेऊन आल्या. “मोडूही नका, पहाराही नको,” एवढंच म्हणाल्या. नवरा-बायको इतकी वर्षं भांडले, पण मोठं पातेलं आणावं हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ते पातेलं कपाटात मावत नाही. तो म्हणतो, ओट्याखाली ठेवू. ती म्हणते, पायात येतं. सध्या ते फ्रिजवर आहे, आणि त्याबद्दल दोघांचीही तक्रार आहे.