नाव आठवत नाही, म्हणून काय झालं?

धुळ्यात, कोर्टात स्टेनो म्हणून तीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. डब्याच्या वेळी ते आपोआप बाहेर पडतात. हल्ली मात्र किस्सा आठवतो आणि त्यातल्या माणसाचं नाव येत नाही. म्हणून सांगायचं सोडू? मुळीच नाही.

परवा शाइस्ताला म्हटलं, "ते दे गं... ते, कागदाला भोकं पाडायचं." शाइस्ता आमची नवी क्लार्क, चोवीस वर्षांची. "पंच, मॅडम," म्हणाली आणि हसली.

"हस. पण मिळाला ना मला पंच?"

तिचं बोलणं सुपरफास्ट. एका म्हाताऱ्या पक्षकाराला तिनं एका दमात सांगितलं, "आबा, अर्ज अपलोड करा, प्रिंट काढा, मग सबमिट करा."

आबा शांतपणे म्हणाले, "बेटा, यातलं 'आबा' तेवढं समजलं."

आणि आमचे एक तरुण वकील. इंग्रजी सुरू झालं की थांबत नाहीत. जुनं खरेदीखत चाळता चाळता मला विचारतात, "मॅडम, या चतुःसीमाबाई कोण? वारसांच्या यादीत दिसत नाहीत."

"वकीलसाहेब, बाई नाही ती. शेताच्या चारी बाजूंना कोणाकोणाची जमीन आहे, त्याला चतुःसीमा म्हणतात."

त्यांनी तो शब्द मोबाइलमध्ये लिहून घेतला. मला शब्द सापडायला वेळ लागतो हे खरं. पण माझ्याकडे असतो तरी.

याच वकिलांसमोर सत्तरीपुढच्या एक अक्का साक्षीला उभ्या राहिल्या. वकील त्यांच्या दिराचे. दिराचं म्हणणं, अक्कांनी अंगठा देऊन स्वतःच्या वाट्याची जमीन सोडली. अक्कांचं म्हणणं, रेशनकार्डाचं काम आहे असं सांगून एक माणूस घरी येऊन अंगठा घेऊन गेला.

"कोण आला होता? नाव सांगा."

अक्का थांबल्या. ओठ हलले, नाव काही येईना.

"बघा साहेब," वकील न्यायाधीशांना म्हणाले, "साधं नाव आठवत नाही. बाकीचं तरी खरं कसं मानायचं?"

माझी बोटं की-बोर्डवर थांबली. ते वाक्य टाइप करायला हात होईना.

अक्कांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि वकिलांच्या मागे बोट दाखवत अहिराणीत म्हणाल्या,

"नाव तोंडमा येत नही, भाऊ. पन मानूस मी वळखस. तो दखा, तुमना मांगे बठेल शे."

मागच्या बाकावरचा एक जण उठून दाराकडे निघाला होता.