पूल आलाय, सांभाळून या

आमच्या सानचागौच्या घळीत पाहुणे फिरवणारा माणूस एकच, च्याओ मानत्सांग. शहरातली कुटुंबं येतात, डोंगर पोखरून केलेली आमची घरं बघतात, लाल बोरांच्या पिशव्या भरून नेतात. मानत्सांग त्यांना सगळं दाखवतो, पण कसं? दुकानात मीठ मागावं तसं. "हा डोंगर. ती नदी. इथं पाय घसरतो." झालं! एका बाईनं हौसेनं विचारलं, "दादा, इथली सगळ्यात सुंदर जागा कुठली?" तर म्हणाला, "खाली उतरू नका, चिखल आहे."

हाच माणूस पूर्वी लग्नाच्या पंगतीत बसला की त्याच्या गप्पा ऐकायला शेजारच्या जागेसाठी भांडणं व्हायची. मग त्याचा मुलगा दोंगशंग दक्षिणेत इमारतीच्या कामावर पडून गेला. मानत्सांग त्याची राख आगगाडीनं घेऊन आला. आमच्याकडे मेलेल्याला घरी आणताना दर पुलाशी नावानं किंवा नात्यानं हाक मारायची असते, नाहीतर आत्मा पाण्याच्या अलीकडेच उभा राहतो. पण मांडीवर काय आहे हे कळलं असतं तर सगळा डबा ओरडला असता. समोरची माणसं सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. पिवळी नदी आली, गाडी पुलावरून धडधडत गेली, मानत्सांगनं तोंड उघडलं नाही.

"पोरगं पलीकडंच राहिलं, काका," तो मला म्हणाला होता. बोरांचा भाव सांगावा तशा आवाजात. तेव्हापासून त्याचा आवाज तोच.

यंदा वसंतात लियन पेइरू नावाची बाई नवरा आणि मुलीला घेऊन आली. तिची आई आमच्याच घळीतली, तरुणपणी दक्षिणेतल्या कापडगिरणीत गेलेली. आता लाल कापडात बांधलेल्या डबीतून परत येत होती. नदीपलीकडच्या स्टेशनावर मानत्सांगबरोबर मीही गेलो. म्हातारीला न्यायला ओळखीचं माणूस नको का? शिवाय मानत्सांगच्या मोटारीत बसायला कुणाला आवडत नाही!

पहिला ओढा आला. मी म्हटलं, "बाई, आईला हाक मारा. पूल आलाय, सांभाळून या, म्हणा."

पेइरू लाजली. "आजोबा, आईला शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं."

"मेल्यावर कान सुधारतात."

तेवढ्यात नवऱ्याच्या फोनमधली वाट सांगणारी बाई बोलली, पुढे पूल आहे. नवरा हसला, "बघा, हिनं सांगितलंच की!"

"ती नाव घेत नाही," मानत्सांग म्हणाला. आणि मोटार थांबवली.

मग पेइरूनं हाक मारली. आधी कुजबुजून, पुढच्या ओढ्याशी जरा मोठ्यानं, त्यापुढच्या पुलाशी तर रस्त्यावरच्या मेंढ्या बिचकल्या. मुलगीही ओरडू लागली, "आजी, इकडून! खड्डा आहे!" नवऱ्यानं फोन बंद केला. मला मोठी मजा वाटत होती; म्हातारीची एवढी वरात तिच्या लग्नातही निघाली नसेल.

पण नदीच्या मोठ्या पुलापाशी पोचेपर्यंत पेइरूचा घसा बसला. तोंड उघडलं तर नुसती हवा. ती घाबरून कशीबशी कुजबुजली, "च्याओ दादा, तुम्ही मारा ना हाक. आई इथं राहिली तर?"

बाजूलाच आगगाडीचा पूल दिसत होता. मानत्सांगनं त्याच्याकडे बघितलं नाही. काच खाली केली आणि म्हणाला, "लियनबाईंच्या आई, पूल आलाय. सांभाळून या."

गाडी काही त्यानं सुरू केली नाही. मी म्हटलं, "मानत्सांग, आणखी एक जण उभाय ना इथं."

"आज पाहुण्यांची मोटार आहे, काका."

"मोटार तुझी आहे, गाढवा."

"जागा नाही."

पेइरूनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन वाक्यांत सांगितलं, कोण आणि का. मुलीला तिनं कोपरानं ढकललं, स्वतः सरकली, डबी मांडीवर घट्ट धरली. मागच्या बाकावर दाराशी एका माणसापुरती जागा झाली. मानत्सांग आरशात त्या जागेकडे बघत राहिला. मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता, शिव्या देत होता.

मानत्सांग उतरला. मागचं दार उघडलं.

"दोंगशंग. पूल आलाय. बस."

आवाज तोच, मिठाचा. थोडा वेळ दार धरून उभा राहिला, मग हळू लावलं, कुणाची बोटं सापडू नयेत तसं. पूल ओलांडल्यावर विचारलं, "कुणाला लघवीला थांबायचंय का?"

म्हातारीला आम्ही पुरलं, राळ्याची पेज प्यालो, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "आलं का रे पोरगं?"

"काय माहीत. काही वाटत नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

त्याच्या खांद्यावर फावडं होतं. दोंगशंगची राख पुरल्यापासून त्याच्या थडग्यावर तो नैवेद्य घेऊन कधी गेला नव्हता. रिकाम्या खड्ड्याला काय जेवायला घालू, म्हणायचा. गवत कमरेइतकं माजलं होतं तिथं, वर डोंगरावर. मी म्हटलं, मी येतो मदतीला. तर म्हणाला, "नको. तुम्ही फार बोलता."

दुपारभर वरून फावड्याचा आवाज येत होता.